सव्वा लाख आणि एक

१

वीस वर्षं मी गणित शिकवते, पण सत्तर किलो चिंचोके मोजायची पाळी माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

जळगाव जामोदला आमच्या मोहल्ल्यात चिंचोक्यांच्या दोन गोण्या आहेत. कुणाच्या घरी मोठी अडचण आली की गोण्या त्या घरी जातात. दर शुक्रवारी दुपारी, अडचण सुटेपर्यंत, बायका जमतात आणि आयते करीमा, म्हणजे संकटात म्हणायची कुराणातली ओळ, पढतात. एकदा पढली की एक चिंचोका इकडून तिकडे. असं सव्वा लाख वेळा. मग गोण्या भरून ठेवायच्या, पुढच्या अडचणीची वाट बघत.

या वेळची अडचण आमची होती. माझा धाकटा भाऊ जुनेद सीताफळाच्या हंगामात पिकअपमध्ये माल भरून बऱ्हाणपूरकडे निघाला, तो परत आलाच नाही. गाडी घाटात रस्त्याच्या कडेला सापडली. क्रेट जागच्या जागी, किल्ली जागच्या जागी, फक्त हा नाही. हिवाळा सरला, उन्हाळा लागला, ठाण्यात अजून तेच उत्तर, "मॅडम, तपास सुरू आहे." त्यांचा तपास म्हणजे खुर्चीतून उठायचं नाही. अम्मीनं अन्न टाकलं होतं. हीनाभाभी, म्हणजे जुनेदची बायको, स्वतःला कामाला जुंपून घेऊन गप्प झाली होती. आणि मी सगळ्यांवर ओरडत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

मोहल्ल्याच्या गोण्या सांभाळणाऱ्या सरवरी खालानं त्या पाठवल्या तेव्हा खरं सांगायचं तर मला चीडच आली. पण अम्मीनं त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली, म्हणून मी तोंड बंद ठेवलं.

२

तोंड बंद ठेवणं फार काळ जमलं नाही. आमच्या घरात नमाज अरबीत आणि भांडण वऱ्हाडीत, तसं ते भांडण झालंच.

खालाची पद्धत अशी की सगळे चिंचोके मधोमध चादरीवर ओतायचे आणि ज्या बाईला जेवढे जमतील तेवढे तिनं मुठीनं घ्यायचे.

"हे कसं चालंन, खाला?" मी म्हटलं. "एक बाई हजार पढते, दुसरी शंभर पढते अन् सुनेची गाऱ्हानी सांगत बसते. वाटनी सारखी पाह्यजे."

"अवो मॅडमबाई, अल्लाच्या कामात कायले मोजमाप? घ्या, पढा, ठेवा. झालं."

"मंग सव्वा लाख काऊन म्हनता? ढीगभर म्हना ना!"

खालानं कपाळावर हात मारून घेतला. पण घर माझं होतं आणि भाऊही माझा होता.

त्यातून मला ती संख्या आवडायची, हेही खरं. सव्वा लाख म्हणजे पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास. पूर्ण घन. मूळ संख्या तर नाहीच, वर्गही नाही, पण घन असा की कुठूनही तोडा, तुकडे सारखे पडतात. अठ्ठावीस विभाजक. स्वतःला सोडून बाकी सगळ्यांची बेरीज केली तर एक लाख सदुसष्ट हजार नऊशे पासष्ट येते, म्हणजे खुद्द त्या संख्येपेक्षा जास्त. अशा संख्येला विपुल म्हणतात. पोरांना मी सांगायचे की हिच्या पोटात हिच्यापेक्षा जास्त मावतं. पोरं हसायची.

माझ्या क्लासची खोली पत्र्याची. फरशीवर पांढऱ्या रंगानं पन्नास चौकोन आखलेले, पाच रांगा, रांगेत दहा, म्हणजे कार्टी एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. पन्नास बाया त्या चौकोनांत बसतील, प्रत्येकीला अडीच हजार चिंचोके. हीनाभाभीनं जुन्या चादरी फाडून पन्नास पिशव्या शिवल्या. आम्ही दोघींनी मोजून मोजून भरल्या. पन्नासाच्या पन्नास रांगा लावायच्या, पिशवीत ओढायच्या, पुन्हा लावायच्या. बोटं काळी झाली. प्रत्येक पिशवी मी स्वतः तपासली, त्यामुळे कुणी मला चुकलीस म्हणू नये.

३

पहिल्या शुक्रवारी जोहरनंतर, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर, बायका जमल्या. पन्नास, माझ्यासकट. हो, मी स्वतःला धरलं होतं. दहा मूर्ख नदी ओलांडतात आणि मोजणारा स्वतःला विसरतो, ती गोष्ट नंतर तीन जणींनी मला ऐकवली आणि तिन्ही वेळा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चहाला शेजारच्या कलाबाई होत्या. त्या भाजीचा गाडा लावतात, बुद्धविहाराच्या मागे राहतात, आणि आमच्याकडे काही असलं की न बोलावता येऊन चूल ताब्यात घेतात.

पढायला सुरुवात झाली. पन्नास तोंडांची एक गुणगुण पत्र्याखाली फिरू लागली. त्यात चिंचोक्यांचा आवाज, टक, टक, टक. पहिल्यांदा मला ते बरं वाटलं. किती तरी दिवसांनी घरात एवढी माणसं होती. अम्मी पहिल्या रांगेत बसली होती, ओठ हलत होते.

मग माझा हात पिशवीत गेला आणि तळाला लागला.

मी चमकले. एवढ्यात संपायला नको होतं. मला माझा वेग माहीत आहे, पेपर तपासताना मी गठ्ठा न बघता सांगते किती उरलेत. पिशवी उलटी केली. रिकामी. शेजारच्या बाईनंही पिशवी झटकली. तिच्या पलीकडचीनंही. पाच रांगांमध्ये पन्नास पिशव्या एकाच वेळी झटकल्या गेल्या, आणि सगळ्या खूश.

"पाह्यलं? लवकर झालं," खाला म्हणाली. "दिलातून पढलं की असंच होते."

पण टक, टक चालूच होतं. चार-पाच वेळा. मग तेही थांबलं.

"कोन पढून राह्यलं अजून?" मी विचारलं.  बायका गुडघे धरून उठत होत्या.

४

दुसऱ्या दिवशी मी माझा ढीग मोजला. पन्नासाच्या एकोणपन्नास रांगा लागल्या आणि एक चिंचोका उरला. दोन हजार चारशे एक्कावन्न.

पुन्हा मोजला. तेच. एकोणपन्नास चिंचोके गायब.

ठीक आहे, चूक माझी, असं म्हणून हीनाभाभीचा ढीग घेतला. दोन हजार चारशे एक्कावन्न. अम्मीचा. तेवढेच. खालाचा. तेवढेच. मग मी खवळले आणि सगळे मोजायला बसले. हीनाभाभी सोबत बसली, मध्येच कलाबाई आल्या आणि पदर खोचून त्याही बसल्या.

"मॅडम, उंदरं बी येवढे हिशोबानं खात नाहीत," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. फळ्याखाली, जिथं उभी राहून मी शिकवते त्या पायरीवर, आणखी एक ढीग होता. नीट, गोल, हातानं सारखा केलेला. तिथं कुणाचा चौकोन नाही. मी तोही मोजला. दोन हजार चारशे पन्नास चिंचोके, आणि एक दुसरंच बी. काळं, लांबट, चकचकीत. सीताफळाचं.

भर उन्हाळ्यात सीताफळ कुठून येणार? मी ते बी उचललं आणि पटकन खाली टाकलं. ते ओलं होतं. आत्ता कुणीतरी चोखून टाकावं तसं, कोमट.

मी मान वर केली, कारण कुठंतरी बघायला हवं होतं. समोर फळा होता. गुरुवारी नववीला शिकवलेलं सूत्र पुसायचं राहिलं होतं. ए घन अधिक बी घन. कुठल्याही संख्येच्या घनात एक मिळवा, त्या संख्येच्या पुढच्या संख्येनं भाग जातोच जातो. पन्नासचा घन पन्नास जणांत वाटला जातो. त्यात एक टाका, मग तो पन्नास जणांत वाटता येत नाही. एकावन्न जणांत येतो. प्रत्येकाला दोन हजार चारशे एक्कावन्न.

कुणीतरी पन्नास जणींकडून एकोणपन्नास-एकोणपन्नास घेतले होते, पदरचं एक घातलं होतं आणि वाटणी सारखी केली होती. माझ्यासारखीच, तंतोतंत.

"काय झालं, आपा?" हीनाभाभीनं विचारलं.

"काही नाही. कोनाची तरी मस्ती आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

अम्मी कधी आली कळलं नाही. तिनं वाकून ते बी उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि ओढणीच्या टोकात बांधलं.

"जुनेदच्या तोंडातलं आहे हे," ती म्हणाली.

५

आठवडाभर माझं डोकं भणभणत होतं. वर्गात मी दोनदा बेरीज चुकले आणि पोरांसमोर लाजले.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. ज्यूसवाल्यांकडे सीताफळाचा गर वर्षभर बर्फात असतो, त्यात एखादं बी राहू शकतं. मोहल्ल्यात आमच्यावर जळणारे कमी नाहीत. गाडी आमची, क्लास आमचा, बाई शिकलेली, पुष्कळांच्या डोळ्यांत खुपतं. कुणीतरी शुक्रवारच्या आधी खोलीत शिरून पिशव्यांतून चिंचोके काढले असतील. पण एकोणपन्नासच का? आणि मग त्या माणसाला ए घन अधिक बी घन येतं म्हणायचं? आमच्या मोहल्ल्यात? इथं नववीच्या अर्ध्या वर्गाला येत नाही!

इथं माझं घोडं पेंड खायचं. आणि मी जितकी अडकायचे तितका राग यायचा. देवावर, पोलिसांवर, जुनेदवर. फोन तरी करायचा होतास, गाढवा.

शेवटी मी ठरवलं. त्याला वाटणी पाहिजे ना? देते. पुढच्या शुक्रवारी एकावन्न पिशव्या, प्रत्येकीत दोन हजार चारशे एक्कावन्न. फळ्याखाली एक चटई टाकायची आणि मी मागच्या चौकोनातून नजर ठेवायची. जो कोणी हा चावटपणा करतोय तो तिथं येईल, आणि मी त्याची मानगूट धरीन.

खालाला कळलं तशी ती उन्हातानात चालत आली. दारातच उभी राहिली.

"शाइस्ता, असं नको करू. सव्वा लाख म्हंजे सव्वा लाख. एक वर नको, एक खाली नको."

"तुम्हीच म्हनत होत्या ना, मोजमाप कायले?"

"मी मोजू नको म्हनलं. जागा मांड असं नाही म्हनलं." तिचा आवाज खाली आला. "कोनाची जागा मांडून राह्यली तू, तुले तरी मालूम आहे का?"

तेवढ्यात आतून अम्मी बोलली. "मांड वं. माह्या लेकराले माह्या घरात जागा नाही का?"

 खालानं माझ्याकडे बघितलं, मी फरशीकडे. मला अम्मी जेवायला हवी होती, एवढंच. खाला पाणीही न पिता गेली, पण शुक्रवारी आली.

एकावन्नाव्या पिशवीत दोन हजार चारशे पन्नासच भरले गेले. सव्वा लाखात तेवढेच बसतात. एक कमी पडत होता. अम्मीनं ओढणीची गाठ सोडली आणि ते बी त्यात टाकलं.

६

दुसऱ्या शुक्रवारी लाईट नव्हती. कूलर बंद, पत्रा तापून कडकडत होता. पन्नास बायका पन्नास चौकोनांत, मी शेवटच्या रांगेच्या टोकाला. फळ्याखाली चटई, चटईवर पिशवी, बाकी काही नाही.

पढता पढता मी चटईकडे बघत होते. एक चिंचोका, एक नजर. रिकामी. पुन्हा रिकामी. घामानं चष्मा घसरत होता. माझी जीभ आपोआप पढत होती आणि मन नुसतं मोजत होतं. मग केव्हातरी मी चष्मा पुसला. पुसायला कितीसा वेळ लागतो?

चटईवर कुणीतरी बसलं होतं.

आमच्याकडे पाठ, फळ्याकडे तोंड. डोक्यावरून पांढरी चादर. कोपर हळूहळू हलत होतं. टक. टक.

पहिला विचार आला की एखादी बाई खिडकीच्या वाऱ्याला म्हणून पुढं सरकली असेल. रास्त विचार होता. मी रांगांमध्ये रिकामा चौकोन शोधला. पहिली रांग, दहा. दुसरी, दहा. तिसरी, चौथी, पाचवी. रिकामा चौकोन नव्हता. मी पुन्हा मोजलं. प्रत्येक तोंड ओळखीचं, प्रत्येक बाई आपल्या जागी, आणि पुढं तो.

'तो' असं माझ्या मनात आलं, कारण डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. जुनेदचा तसा आहे. लहानपणी कडुनिंबावरून पडला होता.

मी उठायला हवं होतं. मानगूट धरणार होते ना मी? पण मी उठले नाही. मला भीती वाटत होती, हे खरंच. त्याहून खरं म्हणजे मला आशा वाटत होती, आणि ती मोडायची हिंमत नव्हती. चार रांगांपलीकडं माझा भाऊ बसलाय असं वाटत होतं, आणि मी मुकाट्यानं चिंचोके सरकवत होते. बाकी कुणी मान वर केली नाही. फक्त खालाचा आवाज मध्येच तुटला आणि पुन्हा लागला.

सगळ्यांचं एकदम संपलं. या वेळी नंतर टक, टक नव्हतं. सगळ्यांचं सारखं झालं होतं.

७

बायका उठल्या. नेहमीसारखी गडबड नाही. कुणी फळ्याच्या बाजूला गेलं नाही. खाला दारातून बाहेर पडताना माझा दंड धरून म्हणाली, "पाहू नको," आणि तरातरा गेली.

कलाबाई रिकामा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "मॅडम, एक कप कमी पडला. पन्नासच म्हनले होते ना तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"आपा?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"आपा, मी जुनेद. आयकू येऊन राह्यलं का?" मागे गाड्यांचा आवाज, कुणीतरी केळी विकत होतं. "बऱ्हाणपूरले सरकारी दवाखान्यात पडून होतो वं. डोक्याले मार लागला, सोताचं नाव बी आठवे नाही. आज सकाळपासून एकदम सगळं याद येऊन राह्यलं. एका जीपवाल्यानं आनून सोडलं. स्टँडवर आहो, रिक्षात बसून राह्यलो. अम्मी कशी आहे?"

"तू आहे?" मी ओरडले. "खरंच तू आहे का बे?"

"मंग कोन असंन?" तो हसला, आणि ते हसू त्याचंच होतं. खोकला मिसळलेलं, मला चिडवणारं.

हीनाभाभीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती अनवाणीच रस्त्यावर धावली. कलाबाई ट्रे टाकून तिच्या मागे. मी रडत होते की हसत होते, मला माहीत नाही. इतक्या महिन्यांचा राग एका फुंकरीत उडाला. मी क्लासच्या खोलीत धावले.

"अम्मी! अम्मी, जुनेदचा फोन आला! येऊन राह्यला तो!"

अम्मी चटईच्या कडेला बसली होती. तिचा हात त्या पांढऱ्या चादरीवर, डोक्यावर होता, हळूहळू फिरत होता. ती माझ्याकडे वळली नाही.

"हाव," ती म्हणाली. "आला ना."

मी तिथंच थांबले. चादरीखालचं डोकं तिच्या हाताखाली जरा झुकलं. चटईवर टेकलेला एक पंजा दिसत होता. नखांत डिझेलचा काळा मळ. मी त्याच्या पलीकडं बघितलं नाही. आजही मला कुणी विचारलं तर मी पंजाच सांगते.

"अम्मी, इकडं ये," मी म्हणाले. "ऊठ. बाहेर चाल माह्यासंगं."

"काऊन?"

गल्लीत रिक्षा थांबली. हीनाभाभीचं रडणं ऐकू आलं, कलाबाईंचं "आला वो बाई, आला" ऐकू आलं, आणि मग खोकत खोकत, पार थकलेल्या आवाजात जुनेदनं हाक मारली.

"अम्मी! ओ अम्मी!"

अम्मीनं मान वर केली. तिला ऐकू आलं होतं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, धक्काही नव्हता. भरदुपारी दारात अनोळखी फेरीवाला ओरडावा तशी ती वैतागली होती.

"कोन आहे वं ते बाहेर?" तिनं मला विचारलं.

मी तिच्याकडं एक पाऊल टाकलं. तेवढ्यात फळ्याकडं तोंड करून बसलेल्यानं, माझ्या भावाच्या आवाजात, तिला समजावल्यासारखं उत्तर दिलं.

"कोनी नाही, अम्मी."